आपली बाग सोडून दुसऱ्याच्या व्हिंटेजला

गेल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियाला बरोसा व्हॅलीत, म्हणजे साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या वाईनच्या भागात, एक व्हिंटेज करून आले, व्हिंटेज म्हणजे द्राक्षं उतरवून वाईन करायचा सीझन. परत आल्यापासून वायनरीतली पोरं, कॉलेजच्या मैत्रिणी, गावातले दोघं तिघं सारखं विचारतात की कसं गेलीस, किती खर्च आला, काम काय असतं. प्रत्येकाला फोनवर सांगताना अर्ध राहून जातं म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी खेडगावची, दिंडोरी तालुका. घरी नानांची चार एकर द्राक्षबाग, सगळी खायची द्राक्षं, थॉमसन आणि सोनाका. मी मायक्रोबायोलॉजी करून चार वर्षं एका वायनरीच्या लॅबला होते. घर माळकरी. आजोबा निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जायचे, त्यामुळे मी वायनरीत लागले तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. नाना मात्र एवढंच म्हणाले होते की द्राक्षाचंच काम आहे ना, मग शीक.

बाहेर जायचं डोक्यात बसलं ते वायनरीत आलेल्या एका फ्रेंच इंटर्नमुळे. ती सांगायची की त्यांच्याकडे सीझन ऑगस्ट ते ऑक्टोबर, तो संपला की लोक फेब्रुवारीत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली असं कुठेतरी जातात, म्हणजे एका वर्षात दोन व्हिंटेज हाताखालून जातात आणि शिकायला डबल मिळतं. मी ऐकत होते आणि तेव्हाच लक्षात आलं की आपल्याला हे असं जमणारच नाही. कारण आपण उत्तर गोलार्धात असून आपला सीझन दक्षिणेच्या बरोबरीचा आहे. आपल्याकडे वेल झोपतच नाही, एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी), आणि माल जानेवारी ते मार्च. बरोसातलं व्हिंटेज फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे जगातली पोरं रिकाम्या वेळात तिकडे जातात आणि मला जायचं तर ऐन बाग उतरवायच्या वेळेला घर सोडून जावं लागणार. हे मी आधी सांगते कारण व्हिसा, पैसे, इंग्लिश हे सगळं नंतरचं, माझ्यासाठी सगळ्यात अवघड हीच गोष्ट होती.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा आहे, सबक्लास ४६२, तो २०२४ पासून भारतीयांना उघडला. वर्षाला १००० जागा, वय १८ ते ३०, आणि ज्यांना पाहिजे त्यांनी आधी बॅलटमध्ये म्हणजे सोडतीत नाव टाकायचं, त्याची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. नाव निघालं तरच पुढचा अर्ज. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये पासपोर्ट आणि पॅन कार्ड समोर ठेवून मोबाईलवरच फॉर्म भरला. इथे एक कळकळीने सांगते. नाशिकमध्येच एका एजंटने मला सांगितलं होतं की तीन लाख दे, बॅलटमध्ये नाव काढून देतो, गॅरंटी. माझ्या एका मैत्रिणीने त्याला वीस हजार टोकन दिले, ते आजपर्यंत परत आले नाहीत. अरे ती सोडत आहे, कॉम्प्युटर नाव काढतो, त्यात कोणाचीच गॅरंटी नसते. पंचवीस डॉलर आणि नशीब एवढंच लागतं, कृपा करून कोणाला पैसे देऊ नका.

माझं नाव निघालं. मेल आला तेव्हा मी लॅबला टायट्रेशन करत होते आणि हातातला फ्लास्क खाली ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेचा रिझल्ट, कॉलेजची मार्कशीट, खात्यात ५००० डॉलर दाखवायचे (त्यासाठी आईची एफडी मोडली, ते मला अजून मनाला लागतं), मुंबईला जाऊन बायोमेट्रिक आणि छातीचा एक्स-रे. नोकरीसाठी मी तीस एक वायनऱ्यांना मेल टाकले, चार उत्तरं आली, दोन इंटरव्ह्यू झाले. ज्यांनी घेतलं त्यांनी व्हिडिओ कॉलवर डिग्री विचारलीच नाही. विचारलं की वीस किलोची गोणी उचलता येते का, बारा तास उभं राहता येतं का, आणि टँकचं फर्मेंटेशन (रस आंबणं) मधेच अडकलं तर आधी काय बघशील. मी म्हटलं आधी टेम्परेचर, मग साखर किती उरलीय, मग यीस्टला खायला दिलंय का. इंटरव्ह्यू घेणारा हसला आणि म्हणाला १० फेब्रुवारीला ये.

१० फेब्रुवारी. आमच्या खालच्या दीड एकराची गोडी तेव्हा सतरा ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आली होती आणि व्यापारी रेट पाडून मागत होता. त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून छाटणी उशिरा झालेली, डाऊनी रोगाने फवारणीचा खर्च वाढवलेला, सगळं गणित त्या मालावर. मी नानांना म्हटलं की नाही जात, पुढच्या वर्षी बघू. नाना बांधावर बसून क्रेट मोजत होते, वर न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी पण बाग असंच असणार आहे. बागेचं काम कधी संपतं का. तू जा." चुलतभावाने जबाबदारी घेतली, पेठ सुरगाण्याची मजुरांची टोळी दर वर्षीची ठरलेली होती. पण तरी.

आईने पॅकिंग केलं. ऑस्ट्रेलियात शेतीमाल, बिया, माती यावर फार कडक चेकिंग असतं हे मी तिला समजावून सांगितलं, दुधातुपाच्या बाबतीत तर फारच, त्यामुळे लाडू घरी राहिले. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि नागलीचे पापड सीलबंद पाकिटात घेतले. खरं काम होतं ते बुटांचं. माझे स्टील टो चे सेफ्टी बूट मी वायनरीत आणि बागेत दोन्हीकडे वापरायचे, सोलच्या खाचांमध्ये आमची काळी माती घट्ट बसलेली. नवे घ्यायचे तर पाच हजार. आई रात्री ओट्याखाली बसली, जुना टूथब्रश आणि एक खिळा घेतला आणि एक एक खाच खिळ्याने कोरून मग ब्रशने घासली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दोन तास लागले. बूट उन्हात वाळवून पेपरात गुंडाळून दिले.

नाना मुंबईपर्यंत सोडायला आले. दुसऱ्या दिवशी तोडणी होती तरी आले. शेजाऱ्यांची इको गाडी, रात्री अकराला निघालो, कसारा घाटात धुकं, नाना पूर्ण रस्ता फक्त हवामानाबद्दल बोलले. एअरपोर्टच्या गेटवर त्यांनी खिशातून सुतळीची एक गुंडी काढून दिली, ती पिवळी प्लॅस्टिकची, मांडवाला बांधतो ती, म्हणाले कामात कुठेही लागते. मी ती बॅगेच्या कप्प्यात टाकली.

मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, तिथे थांबा, मग सिंगापूर ते अ‍ॅडलेड सात तास. पहिलाच विमानप्रवास होता, झोप काही लागली नाही. अ‍ॅडलेडला उतरायच्या आधी एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याचं, मातीचं, शेतात जाऊन आलात का हे सगळं विचारलेलं असतं, आणि मी प्रत्येक ठिकाणी हो वर खूण केली. काही लपवायचं नाही, लपवलं तर दंड, सांगितलं तर बघतात आणि चालणारं असेल तर सोडतात. ऑफिसर बाईंनी मसाल्याची पाकिटं बघितली, वास घेतला, बाजूला ठेवली, मग बूट मागितले. पेपर सोडला, बूट उलटे केले, टॉर्च लावून प्रत्येक खाच बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की हे कोणी धुतले, फार छान धुतलेत. मी म्हटलं आईने. तिथे डोळ्यात पाणी आलं, थकवा पण होता.

ते एवढं का बघतात हे नंतर कळलं. फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आहे, एकोणिसाव्या शतकात तिने युरोपातल्या बहुतेक बागा मारल्या, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या काही भागात पण आहे, पण साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात ती आजपर्यंत शिरलेली नाही. त्यामुळे बरोसात जुने वेल स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. टनुंडा गावाजवळ १८४३ साली लावलेली शिराझ या काळ्या वाईन द्राक्षाची बाग आहे आणि ती आजही माल देते. १८४३! आपल्याकडे डॉगरिज नावाच्या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम, आणि बारा पंधरा वर्षं झाली की उतारा घटतो, बाग तोडायची, नवी लावायची. तिथे वेलींना वयाप्रमाणे नावं आहेत, ३५ वर्षांच्या वर ओल्ड, ७० च्या वर सर्व्हायव्हर, १०० च्या वर सेंटेनेरियन, आणि १२५ च्या वर अ‍ॅन्सेस्टर म्हणजे पूर्वज. मी हे नानांना फोनवर सांगितलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "खोड केवढं असेल गं?"

आता कामाचं. पहिल्या दिवशी सेफ्टी ट्रेनिंग, त्यात अर्धा दिवस फक्त गॅसवर. फर्मेंटेशनमध्ये कार्बन डायऑक्साईड निघतो, हवेपेक्षा जड, टँकच्या तळाला साचतो, दिसत नाही, वास नाही. टँक रिकामा केल्यावर आत उरलेला चोथा फावड्याने काढायचा असतो, तेव्हा आधी गॅसचा मीटर आत सोडायचा, पंखा लावायचा, दारात दुसरा माणूस उभा पाहिजेच, एकट्याने डोकं पण आत घालायचं नाही. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे, तो विझला तर उतरायचं नाही, हे मी लहानपणी बघितलंय, म्हणून मला ते लगेच पटलं. आपल्याकडच्या छोट्या वायनऱ्यांमध्ये मीटर कपाटात पडून असतो, हे मला आता सहन होत नाही, मी परत आल्यावर पहिलं भांडण त्यावरच केलं.

शिफ्ट बारा तासांची, सहा ते सहा, आठवड्यात सहा दिवस, मला तीन आठवडे दिवसपाळी आणि मग रात्रपाळी. मशीन हार्वेस्टर रात्री चालतात कारण माल थंड मिळतो, त्यामुळे रात्री दोनला ट्रक लागायचे. अर्ध्या टनाचे बिन फोर्कलिफ्टने उचलून क्रशरमध्ये ओतायचे, देठ एकीकडे, मणी आणि रस पंपाने टँकमध्ये. रेड वाईनमध्ये साली वर तरंगून जाड थर होतो, तो सुकू द्यायचा नाही, म्हणून खालून रस काढून वरून त्यावर फिरवायचा, त्याला पंपओव्हर म्हणतात, दिवसातून दोन तीन वेळा प्रत्येक टँकला. उरलेला वेळ धुणं. होज (पाईप) धुणं, पंप धुणं, टँक धुणं, आधी कॉस्टिक, मग पाणी, मग सायट्रिक, मग पाणी. ज्यांना वाटतं वाईनमेकिंग म्हणजे ग्लास फिरवून वास घेणं त्यांनी समजून घ्या की आठ तास तुम्ही गमबूट घालून पाण्यात उभे असता आणि तेच खरं काम आहे, कारण एक होज घाण राहिला तर टँकभर वाईन खराब होते.

गंमत म्हणजे तिथल्या कितीतरी गोष्टी मला घरूनच ओळखीच्या होत्या. यीस्टला खायला देतात ते डीएपी, तेच, आपण शेतात टाकतो ते डायअमोनियम फॉस्फेट, फक्त फूड ग्रेडचं. वाईन टिकायला सल्फर डायऑक्साईड, आणि आपल्या एक्स्पोर्टच्या पेटीत घडांवर जो ग्रेप गार्डचा पेपर घालतो त्यातून निघतो तो पण हाच गॅस, त्यामुळे मेटाबायसल्फाईटचा डबा उघडला की मला आमच्या पॅकिंग शेडचा वास यायचा. गोडी मात्र तिथे ब्रिक्समध्ये नाही मोजत, बॉमेमध्ये मोजतात. एक बॉमे म्हणजे साधारण १.८ ब्रिक्स, आणि सोपं असं की तेरा बॉमेचा रस पूर्ण आंबला की अल्कोहोल जवळपास तेरा टक्के येतं. पहिले चार दिवस मी प्रत्येक आकडा मनात गुणत होते.

आणि मणी. नानांचं अख्खं आयुष्य मण्याची साईझ वाढवण्यात गेलं, जीएचे (मणी फुगवायच्या संजीवकाचे) डिप, थिनिंग, एक एक घड हातात घेऊन कात्रीने विरळणी, अठरा एमएम आला तर एक्स्पोर्टला. आणि तिथे मी पहिला शिराझचा घड हातात घेतला तर मणी हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, बिया, जाड साल, वर्ष दुष्काळी असल्यामुळे अजूनच बारीक. तिथला म्हातारा शेतकरी त्या मण्यांकडे बघून खूष होता. कारण रंग आणि चव सालीत असते, मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त. वजन मात्र कमी भरलं होतं आणि त्याबद्दल तो शांतपणे म्हणाला की यंदा पैसे नाहीत, वाईन चांगली होईल. मी ते वाक्य नानांना सांगितलं. नाना म्हणाले पैसे नाहीत हे सगळीकडे सारखंच आहे म्हणजे.

त्याच माणसाने सांगितलं की १९८० च्या दशकात वाईनला भाव नव्हता तेव्हा सरकारने वेल उपटायला पैसे दिले होते, आणि लोकांनी शंभर वर्षांचे शिराझ मुळासकट काढले. त्याच्या वडिलांनी अर्धे काढले, अर्धे ठेवले. आता त्या ठेवलेल्यांनाच सगळ्यात जास्त मागणी आहे. हे सांगताना तो कुंपणापलीकडच्या रिकाम्या जमिनीकडे बघत होता.

रात्रपाळी लागल्यावर माझ्या हातून चूक झाली ती पण लिहिते. रात्री साडेतीन वाजता पंपओव्हर संपवून होज काढायचा होता, टँकचा व्हॉल्व्ह बंद केला असं मला वाटलं आणि मी क्लॅम्प सोडला. व्हॉल्व्ह अर्धाच बंद होता. होज हातातून उडाला आणि शिराझचा फवारा छातीवर, तोंडावर, डोळ्यात. मला काही दिसत नव्हतं, हाताने चाचपडत हँडल शोधलं आणि बंद केलं तोपर्यंत दोनशे लिटर तरी गटारात गेलं होतं. माझ्या मनात एकच आलं की दोनशे लिटर म्हणजे तीनशे किलो द्राक्षं, म्हणजे कोणाच्या तरी दीडशे दोनशे वेलींचं वर्षभराचं काम. शिफ्टचा मुख्य धावत आला, आधी विचारलं लागलं का कुठे, डोळे धुवायला लावले, मग त्याच व्हॉल्व्हपाशी नेऊन म्हणाला, क्लॅम्पला हात लावायच्या आधी दुसरा हात हँडलवर, बंद असलं तरी, दर वेळेस. ओरडला नाही. आपल्याकडे असं झालं असतं तर पगारातून कापलं असतं आणि पोरांनी पुढच्या वेळी लपवलं असतं. मी आता दर वेळेस हँडलवर हात ठेवते आणि माझ्याकडे शिकायला आलेल्यांना पण ठेवायला लावते.

आमच्या बागेची तोडणी मी फोनवर बघितली. तिथे आपल्यापेक्षा घड्याळ पाच तास पुढे होतं, म्हणजे माझा सकाळी अकराचा चहा आणि नानांची सहाची तोडणी एकत्र. चुलतभाऊ मोबाईल क्रेटवर टेकवून ठेवायचा आणि मी बघत बसायचे, बाया घड कापताहेत, आई माल झाकतेय, व्यापाऱ्याचा माणूस मणी चाखतोय. एकदा ढग आले तेव्हा मी तिथून आकाश बघत होते आणि काहीच करू शकत नव्हते. दीड एकराचा माल शेवटी पाडलेल्या रेटनेच गेला. मी असते तर फरक पडला असता का, नसता पडला, पण क्रेट तरी उचलले असते. ६ एप्रिलला तिथलं घड्याळ एक तास मागे गेलं, फरक चार तासांचा झाला, आणि त्याच आठवड्यात नानांची खरड छाटणी सुरू झाली. आमचा शेवटचा प्रेस (चोथा पिळून वाईन काढणं) एप्रिलच्या शेवटी झाला. त्यानंतर मी जून ते ऑगस्ट तिथेच त्या म्हाताऱ्याच्या बागेत छाटणीला राहिले, मजुरी तासावर, थंडी अशी की निफाडचा जानेवारी बरा. वेल तेव्हा पूर्ण झोपलेले असतात, पान नाही, रस नाही, काप घेतला तर कोरडा. आपल्या छाटणीत पेस्ट लावून डोळे फोडावे लागतात, तिथे कोणी त्यांना उठवत नाही.

शेवटच्या दिवशी मी त्या म्हाताऱ्याला विचारलं की सगळ्यात जुना वेल कोणता. त्याने कोपऱ्यातला दाखवला, मांडव नाही, तार नाही, स्वतःच्या खोडावर उभा, पिळवटलेला, मधे पोकळ, साल सोलून निघालेली. पाणी देता का विचारलं तर म्हणाला पावसावर आहे. नानांनी काडी आण म्हणून सांगितलं होतं, पण काडी आणता येत नाही, क्वारंटाईनशिवाय आणू पण नये, ज्या किडीने एवढं नुकसान केलं ती अशीच बाहेरून आणलेल्या वेलींबरोबर फिरली होती. मग मी बॅगेतली पिवळी सुतळी काढली, खोडाभोवती फिरवली, जिथे टोक जुळलं तिथे गाठ मारली आणि कापली. धुवून, पुसून आणली.

सप्टेंबरच्या शेवटी घरी पोचले. आईने दारातच बूट बघितले. नाना बागेत होते, ऑक्टोबर छाटणीची तयारी, वरच्या प्लॉटचे वेल चौदा वर्षांचे झालेत आणि ते तोडायचे का याच्यावर चुलतभावाशी बोलणं चाललं होतं. मी खिशातून सुतळी काढून दिली. त्यांनी विचारलं नाही कशाची, कळलं त्यांना. पहिल्या ओळीच्या कडेच्या वेलीच्या खोडाला त्यांनी ती गुंडाळायला सुरुवात केली, एक वेढा, दोन, तीन, आणि तरी गाठीपर्यंत वीतभर सुतळी उरली. नाना तिथेच खाली बसले, तो उरलेला तुकडा बोटाला गुंडाळून सोडत राहिले, आणि मग विचारलं, "पावसावर म्हणालीस ना? किती पडतो तिकडं?"